बाजूला राहायचं, पण दिवस मोजून!

मैत्रिणींनो, संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे आपल्याला एकमेकींकडे निवांत बघायला मिळण्याचा हक्काचा दिवस. साडी बघायची, वाण काय लुटलं ते बघायचं, कुणाची सून कशी बोलते तेही जाता जाता बघून घ्यायचं! काही वर्षांपूर्वी परभणीत, वसमत रोडच्या बाजूला एका घरी अशाच एका हळदीकुंकवाला एका बाईनं दुसरीच्या साडीकडे न बघता गळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अगं, तू लाडू गिळायलीस तर गळ्यात कायतरी वर-खाली व्हायलंय बघ!”

सगळ्या हसल्या. जिला म्हटलं तीही हसली. या आमच्या ओळखीच्या वहिनी. नाव कशाला सांगू? वय पस्तिशीच्या आतबाहेर, दोन मुलं, धाकट्याचं दूध नुकतंच सुटलेलं. घरी जाऊन त्यांनी आरशासमोर उभं राहून घोटभर पाणी गिळून बघितलं. खरंच, मंगळसूत्राच्या वाटीच्या वर, गळ्याच्या खळीशी एक सुपारीएवढी गाठ गिळताना वर जात होती आणि परत खाली येत होती. पण दुखत नव्हती, खुपत नव्हती. मग आपण बायका काय करतो? “बघू पुढं!” म्हणतो. पुढं लग्नसराई आली, मग वाळवणं आली, मग मोठ्याच्या शाळेची गडबड. गाठ दाखवली ती पाऊस पडल्यावर.

सुईनं पाणी काढून तपासलं आणि निघाला थायरॉईडचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, ग्रंथी काढली. घरानं सुटकेचा श्वास सोडला, तोच डॉक्टर म्हणाले, “आता मुंबईला जाऊन एक औषध घ्यायचं. किरणोत्सारी आयोडीन. ते घेतल्यावर काही दिवस एकटं राहावं लागेल, मुलांना जवळ घेता येणार नाही.”

झालं! घरात एकच गोंधळ उडाला. सासूबाई म्हणाल्या, “अणूचं औषध? पोटात? आणि लेकराला शिवायचं नाही म्हणजे काय?” वहिनी त्या रात्री आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, “मी नाही जात. जे व्हायचं ते होऊ दे.”

त्या गेल्या, बऱ्या झाल्या, आज ठणठणीत आहेत. पण त्या औषधापेक्षा जास्त त्रास त्यांना ‘बाजूला’ राहण्याचा झाला, आणि तोही रुग्णालयात नव्हे, घरी आल्यावर! म्हणूनच हा लेख. या औषधाबद्दल आपल्याला नीट माहिती असेल, तर एखादी बाई भीतीपोटी उपचार टाळणार नाही, आणि तिच्या घरचेही तिला गरजेपेक्षा एक दिवस जास्त दूर ठेवणार नाहीत.

बाहेरून शेक आणि आतून औषध

कॅन्सरला ‘शेक’ देतात हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मोठ्या यंत्राखाली रुग्णाला झोपवतात आणि बाहेरून किरणं सोडतात. किरणांनी कॅन्सरच्या पेशी मरतात. पण वाटेत येणाऱ्या चांगल्या भागालाही थोडी झळ लागतेच. शिवाय रोग एका जागी असेल तर यंत्र त्यावर रोखता येतं. तो बारीक कणांनी दहा ठिकाणी विखुरला असेल तर यंत्र कुठं कुठं रोखणार?

यावर शास्त्रज्ञांनी काढलेली तोड अगदी आपल्याला समजेल अशी आहे. किरणं टाकणारा पदार्थच औषध म्हणून शरीरात सोडायचा, पण असा, की तो रक्तातून फिरत फिरत आपणहून रोगट पेशींपाशी जाऊन बसेल. तिथं बसून तो जी किरणं टाकतो ती फार लांब जात नाहीत. जास्तीत जास्त दोन-एक मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या एका दाण्याएवढं अंतर! शेजारच्या घराला आग न लावता आपल्याच चुलीत लाकूड जाळावं, तसं.

आता प्रश्न असा, की औषधाला पत्ता कसा कळतो?

पत्ता आपल्या मिठाच्या बरणीत

मैत्रिणींनो, थायरॉईडच्या बाबतीत याचं उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. मिठाच्या पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ असं लिहिलेलं तुम्ही रोज बघता. ते आयोडीन कशाला घालतात? गळ्यातल्या फुलपाखराच्या आकाराच्या थायरॉईड ग्रंथीला आपला रस तयार करायला आयोडीन लागतं म्हणून. ते कमी पडलं की गलगंड होतो. रक्तातून वाहणारं आयोडीन ही ग्रंथी चुंबकासारखं ओढून घेते. दुसऱ्या कुठल्या अवयवाला त्याचा इतका सोस नाही.

थायरॉईडच्या नेहमी आढळणाऱ्या कॅन्सरच्या बहुतेक पेशींना ही सवय पुष्कळशी राहिलेली असते. त्या गळ्यातून उठून फुप्फुसात किंवा हाडात जाऊन बसल्या तरी आयोडीन दिसलं की गिळतात. मग साधं आयोडीन देण्याऐवजी किरणोत्सारी आयोडीन दिलं तर? ती पेशी आपल्या हातानं आपला नाश ओढवून घेते. या आयोडीनला ‘आयोडीन-१३१’ म्हणतात.

ही कल्पना काही कालपरवाची नाही. अमेरिकेत बोस्टनला सॉल हर्ट्झ या डॉक्टरांनी १९४१ साली थायरॉईड अतिवेगानं काम करते अशा एका रुग्णाला प्रथम किरणोत्सारी आयोडीन दिलं. पुढं १९४३ साली न्यूयॉर्कच्या डॉ. सॅम्युएल सायडलिन यांनी शरीरभर पसरलेल्या थायरॉईडच्या कॅन्सरवर त्याचा उपयोग केला. म्हणजे ज्या औषधाला आमच्या वहिनी ‘नवीनच काहीतरी’ म्हणून घाबरल्या, ते त्यांच्या सासूबाईंपेक्षाही वयानं मोठं!

आणि आपल्याकडे? आज जिला आपण भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो, त्या तुर्भ्याच्या संस्थेनं १९६३ साली मुंबईत ‘रेडिएशन मेडिसिन सेंटर’ सुरू केलं. परळला टाटा रुग्णालयाच्या अॅनेक्स इमारतीत ते आहे. साठ वर्षांहून अधिक काळ तिथं थायरॉईडचे रुग्ण हे औषध घेत आले आहेत. औषध तयार होतं तेही आपल्याच राज्यात. तुर्भ्याला १९८५ साली ‘ध्रुव’ नावाची अणुभट्टी सुरू झाली. अणुभट्टी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बॉम्ब येतो. पण याच भट्टीत टेल्युरियम नावाचा पदार्थ ठेवून त्यापासून रुग्णांसाठी आयोडीन-१३१ मिळवतात. वाशीची ‘ब्रिट’ ही सरकारी संस्था अशी औषधं तयार करून ठिकठिकाणच्या रुग्णालयांना पाठवते.

पत्ता लिहिलेलं पाकीट

तुम्ही म्हणाल, थायरॉईडला आयोडीनची हाव आहे हे ठीक. पण बाकीच्या कॅन्सरचं काय? त्यांना तर अशी कसली हाव नसते.

इथं शास्त्रज्ञांनी दुसरी युक्ती केली. काही कॅन्सरच्या पेशींच्या अंगावर विशिष्ट आकाराच्या खोबणी असतात, जणू कुलपाची भोकंच. त्या भोकात बसेल असा एक छोटा रेणू तयार करायचा आणि त्याच्या पाठीला किरणोत्सारी कण बांधायचा. म्हणजे पाकिटावर पत्ता लिहून आत मजकूर घालण्यासारखंच! रेणू जातो आपल्या खोबणीत बसायला, आणि बरोबर किरणं घेऊन जातो.

आतडी, स्वादुपिंड, फुप्फुस अशा ठिकाणी होणाऱ्या ‘न्यूरोएंडोक्राइन’ जातीच्या गाठींसाठी असं औषध वापरतात. त्यात ‘ल्युटेशियम-१७७’ नावाचा पदार्थ असतो. तोही ध्रुव भट्टीत तयार होतो. हे औषध गोळीनं नव्हे, शिरेतून देतात. साधारणपणे दोन-दोन महिन्यांच्या अंतरानं चार वेळा. अमेरिकेच्या औषध खात्यानं त्याला २०१८ साली मान्यता दिली. परळच्या केंद्रात ते त्याच्या आधीपासूनच दिलं जात होतं. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कॅन्सर पसरला असेल तर त्यावरही याच जातीचं ल्युटेशियमचं औषध आहे. अमेरिकेत त्याला २०२२ साली मान्यता मिळाली. घरात सासरे, वडील यांना हा आजार असेल तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

या उपचारात एक मोठा फायदा आहे. औषध देण्यापूर्वी त्याच पत्त्यावर जाणारा थोडासाच पदार्थ देऊन फोटो काढता येतो. रोगट जागा फोटोत उजळल्या, तर औषधही तिथं पोचणार. उजळल्या नाहीत, तर औषध देऊन उपयोग नाही हे आधीच कळतं. रुग्णाचा पैसा आणि त्रास दोन्ही वाचतात.

सगळ्यांसाठी नाही, बरं का!

हे वाचून कुणी लगेच आपल्या नातेवाइकाचे कागद घेऊन मुंबईची गाडी पकडू नये. स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर हे औषध आजच्या नेहमीच्या उपचारांत नाही. थायरॉईडच्याही सगळ्याच कॅन्सरना ते लागू पडत नाही, आणि लागू पडणाऱ्यांतही गाठ लहान असेल, पसरलेली नसेल तर नुसत्या ऑपरेशननं भागतं. कुणाला द्यायचं आणि किती, हे डॉक्टर तपासण्या बघून ठरवतात.

त्रासच होत नाही असंही नाही. आयोडीननंतर काहींना मळमळतं, गळ्याशी किंवा कानाखाली सूज येते, तोंड कोरडं पडतं, काही दिवस जेवणाची चव जाते. मोठे डोस पुनःपुन्हा घ्यावे लागले तर इतर धोकेही थोडे वाढतात. ल्युटेशियमच्या औषधात रक्तातल्या पेशी कमी होऊ शकतात. मूत्रपिंड जपण्यासाठी सलाईनमधून वेगळं औषध द्यावं लागतं. पण बाहेरच्या शेकानं किंवा केमोथेरपीनं होतात तसे हाल सहसा होत नाहीत. केस तर बहुधा तसेच राहतात. आमच्या वहिनी म्हणतात, “मी मनाची केवढी तयारी करून गेले, आणि हातात काय ठेवलं? एक गोळी नि ग्लासभर पाणी!”

एक गोष्ट मात्र अगदी काटेकोर पाळायची. पोटात बाळ असताना हे औषध कधीच देत नाहीत. म्हणून पाळी चुकली असेल, नुसती शंका असेल, तरी लाज न धरता आधी सांगा. बाळ अंगावर पीत असेल तर औषधाच्या पुरेसे आठवडे आधी दूध पूर्ण तोडावं लागतं, आणि त्या बाळाला परत अंगावर पाजता येत नाही. औषधानंतर सहा महिने ते वर्षभर, डॉक्टर सांगतील तोवर, दिवस जाऊ द्यायचे नाहीत. हे नवऱ्यालाही नीट समजावून सांगा. ही जबाबदारी काही एकट्या बाईची नाही!

जाण्यापूर्वी स्वयंपाकघरात

आयोडीनच्या उपचाराची तयारी घरच्या स्वयंपाकापासून सुरू होते. पेशींना आयोडीनची चांगली भूक लागावी म्हणून आधी एक-दोन आठवडे जेवणातलं आयोडीन कमी करायला सांगतात. मुख्य म्हणजे आयोडीनयुक्त मीठ बंद. पण मीठ नुसतं डब्यात नसतं! लोणचं, पापड, कुरडया, सांडगे, फरसाण या सगळ्यात वर्षाचं मीठ आधीच पडलेलं असतं. ते सगळं या दिवसांत दूर ठेवायचं. दूध, दही, चीज, पावबिस्किटं, अंड्यातला पिवळा बलक, मासे हेही नको. म्हणजे चहा घ्यायचा तो कोरा.

मग खायचं काय? घाबरू नका, आपलं साधं जेवण पुष्कळ उरतं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, भात, पालेभाज्या, फळभाज्या, कांदा, लसूण, तेल, गूळ, फळं. फक्त मीठ आयोडीन नसलेलं हवं. ते कुठं मिळेल हे रुग्णालयातच विचारा. “सैंधव आहे, खडेमीठ आहे, चालेल” असं मनानं ठरवू नका. आजकाल त्यातही आयोडीन घातलेलं असू शकतं. खोकल्याचं औषध, जखमेला लावायचं लालसर औषध किंवा इंजेक्शन देऊन काढलेला स्कॅन यांतूनही आयोडीन अंगात जातं. म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांत काय काय घेतलं ते सगळं सांगा.

थायरॉईडची रोजची गोळीही पुष्कळदा औषधाआधी तीन-चार आठवडे थांबवतात. हा काळ मात्र बाईला जड जातो. अंग जड होतं, थंडी वाजते, पोट साफ होत नाही, काही सुचत नाही, उगाच रडू येतं. घरच्यांनी या दिवसांत तिला आळशी म्हणू नये. पोळ्या लाटताना तिचा हात थांबला तर तो कामचुकारपणा नाही, ग्रंथी नसल्याचा तो परिणाम आहे. जावेनं किंवा नणंदेनं महिनाभर सकाळचा स्वयंपाक उचलला, तर यासारखी दुसरी मदत नाही.

ती खोली

परभणीहून मुंबई सुमारे साडेपाचशे किलोमीटर. वहिनी आणि त्यांचे यजमान रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसनं गेले. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. उतरायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. परगावच्या रुग्णांसाठी या जागा मोठा आधार आहेत. मात्र जागा मिळेल की नाही हे आधी विचारून मगच निघावं.

औषध दिल्यावर वहिनींना एका खोलीत ठेवलं. खोलीला स्वतंत्र संडास-बाथरूम. जेवण दारातून आत येई. नर्स दारातूनच विचारपूस करी. दिवसातून एकदा एक जण हातात छोटं यंत्र घेऊन येई, ठरावीक अंतरावर उभा राही आणि आकडा लिहून घेई.

“पहिल्या रात्री मला कावळा शिवल्यासारखंच वाटलं,” वहिनी सांगत होत्या. “लहानपणी आमच्या आजोळी बाजूला बसवत, ताट लांबून सरकवत. तेच आठवलं. पण दुसऱ्या दिवशी तो यंत्रवाला म्हणाला, ताई, कालच्यापेक्षा आकडा निम्म्याच्याही खाली आलाय. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे मोजता येतंय! रोज उतरतंय!”

मैत्रिणींनो, सगळं सार या एका वाक्यात आहे. विटाळाला माप नसतं. तो कशानं लागतो आणि कशानं जातो, हे कुणाला विचारलं तर “पूर्वीपासून चालत आलंय” एवढंच उत्तर मिळतं. या औषधाच्या दूर राहण्याला मात्र कारण आहे, माप आहे आणि शेवट आहे.

कारण असं, की अंगातल्या औषधातून काही किरणं बाहेरही पडतात आणि सुरुवातीच्या दिवसांत लघवीतून, लाळेतून, घामातून थोडं औषध बाहेर येतं. रुग्णाला त्या औषधाचा फायदा आहे. पण तुम्हाआम्हाला, विशेषतः लहान मुलांना आणि पोटातल्या बाळाला ती किरणं विनाकारण कशाला?

माप असं, की आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी आपोआप निम्मं होतं. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, पंचविसाचे साडेबारा. पण शरीरात याहून लवकर कमी होतं, कारण पेशींनी न घेतलेलं बरंचसं औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवीवाटे निघून जातं. म्हणून भरपूर पाणी प्यायचं, लघवी तुंबवायची नाही, आणि प्रत्येक वेळी दोनदा पाणी सोडायचं. ल्युटेशियम तर साडेसहा दिवसांच्या थोडं पुढं निम्म्यावर येतं. अंतराचंही गणित आहे. रुग्णापासून एका हातावर जेवढी किरणं लागतात, त्याच्या चौथा हिस्सा दोन हातांवर लागतात. चुलीपासून जरा मागं सरकलं की धग कमी होते ना, तसंच.

आणि शेवट? यंत्रावरचा आकडा ठरलेल्या मर्यादेखाली आला की सुट्टी. वहिनींना तीन रात्री राहावं लागलं.

घरी आल्यावर

घरी पाठवताना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. इतके दिवस वेगळं झोपायचं, मुलांना मांडीवर घ्यायचं नाही, ताट-वाटी, टॉवेल वेगळे, कपडे वेगळे धुवायचे. प्रत्येकीचे दिवस वेगळे असतात. किती औषध दिलं, अंगात किती उरलं, घरात लहान मूल आहे का, यावर ते ठरतात. वहिनींना धाकट्यासाठी दोन आठवडे सांगितले होते.

पण झालं असं, की हे सगळं डॉक्टरांनी समजावलं यजमानांना. त्यांनी घरी येऊन आईला एवढंच सांगितलं, “हिला काही दिवस शिवायचं नाही.” काही म्हणजे किती, ते राहूनच गेलं!

दोन आठवडे संपले. वहिनींनी धाकट्याला घ्यायला हात पुढं केले, तर सासूबाईंनी त्याला पाठीमागं घेतलं. “राहू दे आणखी पंधरा दिवस. अणूचं काय सांगावं!” पंधराचा महिना झाला. ताट वेगळं, तांब्या वेगळा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत पाऊल नाही. मुलगा आजीच्या कुशीत झोपायला शिकला, आईकडे बघून लाजायला लागला. वहिनी म्हणतात, “ऑपरेशनला मी रडले नव्हते. तेव्हा रडले.”

सासूबाई दुष्ट होत्या का? मुळीच नाही. नातवाच्या काळजीनंच त्या तसं वागल्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! शेवटी सुट्टीला आलेल्या भाच्यानं, जो कॉलेजात विज्ञान शिकतो, मामीचा तो कागद घेतला, सासूबाईंच्या शेजारी बसून ओळीओळीनं वाचून दाखवला आणि शंभर-पन्नास-पंचवीसचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर करून दाखवला. सासूबाईंनी दोनदा विचारलं, “म्हणजे आता काहीच नाही?” भाचा म्हणाला, “आता तिच्यापासून धोका नाही, आजी.” त्या उठल्या, आत गेल्या, आणि झोपेतल्या नातवाला आणून सुनेच्या मांडीवर ठेवलं. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, “आज भाकरी तूच कर बाई, माझा हात दुखायलाय.”

तेव्हा माझं सांगणं असं, की असा कागद घरी येईल तेव्हा तो कपाटात ठेवू नका. घर जिच्या शब्दावर चालतं तिला आधी वाचून दाखवा. कॅलेंडरवर त्या तारखेला तांबडी खूण करा. खुणेपर्यंत नियम कडक पाळा, “एवढ्यानं काय होतंय” म्हणू नका. आणि खूण ओलांडली की तिला तिचं स्वयंपाकघर, तिची खाट, तिचं मूल परत द्या. त्या तारखेनंतरही दूर ठेवलं, तर ते औषधाच्या भीतीनं नव्हे, आपल्या अडाणीपणानं.

आणि हो, रात्री आरशासमोर उभ्या राहा. मान जराशी वर करा, घोटभर पाणी गिळा आणि गळ्याकडे बघा. थायरॉईडचा कॅन्सर पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त आढळतो. गाठ दिसली तर लगेच धास्ती घेऊ नका. थायरॉईडच्या बहुसंख्य गाठी कॅन्सरच्या नसतात. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, आपण नव्हे. लग्नसराई दरवर्षी येते, वाळवणं दरवर्षी होतात. गाठ मात्र वाट बघत बसत नाही!

टिपून ठेवा

• घरी परतण्याच्या प्रवासाबद्दल आधीच विचारा. रात्रभर रेल्वेत कुणाच्या लहान मुलाशेजारी किंवा गरोदर बाईशेजारी बसणं बरं नव्हे. काही दिवस मुंबईतच थांबावं का, हे डॉक्टर सांगतील.

• सांगितलेल्या दिवसांत रुग्णानं दुसऱ्यांसाठी उघड्या हातानं कणीक मळू नये, भाकरी थापू नये. तिची भांडी वेगळी घासावीत. मुदत संपल्यावर तीच भांडी सर्वांनी वापरावीत. फेकायची गरज नाही.

• संडास वापरल्यावर झाकण लावून दोनदा पाणी सोडावं आणि साबणानं हात धुवावेत.

• कोरड्या तोंडासाठी लिंबू किंवा आंबट गोळ्या कधीपासून चोखायच्या, हे रुग्णालयातच विचारावं. आपल्या मनानं सुरू करू नये.

• ग्रंथी काढल्यावर थायरॉईडची गोळी जन्मभर घ्यावी लागते. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा निदान अर्ध्या तासानं. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये, चार तासांचं अंतर ठेवावं.

• खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळते का, कोणत्या रुग्णालयात मिळते, हे निघण्यापूर्वी योजनेच्या ‘आरोग्यमित्रा’ला विचारावं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवावं.